पडवीतली तीन यंत्रे

निपाणीहून अक्कोळकडे जाणाऱ्या वाटेवर आमची वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन आहे. तिथल्या कौलारू घराच्या पडवीत सध्या तीन यंत्रे आहेत. त्यांतले एकच चालते, आणि ते तिघांत वयाने सर्वांत थोरले आहे. आजोबांनी घेतलेले ते कडबा कापण्याचे हातयंत्र. बिडाचे मोठे चाक, चाकाला जोडलेली दोन वाकडी पाती, आणि आऱ्यांवर ओतीव अक्षरे. त्यांतली निम्मी आता बोटांनी चाचपल्यावरच वाचता येतात. दुसरे यंत्र खांद्याला अडकवून गवत कापण्याचे, २००६ साली घेतलेले. ते सोळा पावसाळे चालले आणि मग सन्मानाने थांबले. तिसरेही गवत कापण्याचेच. त्यावर पोते टाकलेले असते. पाहुणे आले की पोत्याखाली काय आहे असे विचारतात, आणि आम्ही विषय बदलतो. आज तो बदलायचा नाही असे ठरवून हे लिहायला बसलो आहोत.

आपल्या मंडळाच्या पुष्कळशा सभासदांची स्थिती आमच्यासारखीच आहे. पूर्वज कुणाचे कोकणातून घाट चढून आले, कुणाचे सांगलीकर पटवर्धनांच्या चाकरीनिमित्त शहापुरात स्थिरावले. घर बेळगावात, मुले पुण्यात किंवा त्याहून दूर, आणि जमिनीचा एखादा तुकडा वाटेकऱ्याच्या भरवशावर, अशी आपली साधारण मांडणी. महिन्यातून दोनदा बसने निपाणीला जायचे, बांधावरून फिरायचे, वाटेकऱ्याच्या घरचा चहा घ्यायचा आणि शेती केल्याचे समाधान घेऊन परतायचे. आमचे वाटेकरी वयाने आमच्याहून दोनचार वर्षांनी मोठे आहेत. सारा गाव त्यांना आप्पा म्हणतो, आम्हीही म्हणतो. ते आम्हाला मालक म्हणतात, आणि तीस वर्षे सांगूनही ते संबोधन त्यांनी सोडलेले नाही.

श्रावण लागला की बांधावरचे गवत कंबरेला येते. पूर्वी चार बायका विळे घेऊन येत, दोन दिवसांत बांध मोकळे होत आणि गवताचे भारे त्याच घेऊन जात. मजुरी आणि वैरण असा तो दुहेरी व्यवहार होता. पुढे गावातली जनावरे कमी झाली, वैरणीची ओढ संपली, आणि बायका कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाऊ लागल्या. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तिथे डोक्यावर छप्पर असते आणि महिन्याला पगार. गवताला मात्र यातले काही कुणी सांगितले नाही, ते वाढतच राहिले. आणि त्यात घोणस असते. गवताच्या हिरव्या लाटांवर कविता आम्हीही केल्या आहेत, पण त्या बेळगावात बसून.

निपाणीच्या बाजारपेठेत शेतीच्या अवजारांचे एक जुने दुकान होते. त्याच्या मालकांना सगळे काका म्हणत. २००६ च्या ज्येष्ठात आम्ही तिथे गेलो, तेव्हा काकांनी किंमत सांगण्यापूर्वी आम्हालाच प्रश्न विचारले. जमीन किती, खडकाळ की मळईची, गवत कोवळे की हराळी-लव्हाळ्याचे, चालवणार कोण, त्याची उंची किती, आणि तो डावरा आहे काय. या शेवटच्या प्रश्नाला आम्हाला हसू आले. काका हसले नाहीत. हे यंत्र उजव्या अंगाला धरूनच चालवायचे असते, डावऱ्याने सवयीने उलट्या बाजूला घेतले तर तापलेला सायलेन्सर त्याच्या अंगाशी येतो, असे त्यांनी समजावले. मग म्हणाले, “सर, चालवणारा माणूस घेऊन या. यंत्र त्याच्या हातात देतो, तुमच्या नाही.”

दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन गेलो. काकांनी दुकानासमोरच्या फरशीवर त्यांच्याकडून यंत्र दहा वेळा सुरू करवले आणि दहा वेळा बंद करवले. या प्रकारच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलात मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. ते कमी पडले की पिस्टनला रेघा पडून इंजिन मरते, जास्त झाले की धूर कोंडून प्लगवर काजळी धरते. आप्पांना वाचता येत नाही हे काकांनी न विचारताच ओळखले असावे. त्यांनी एका बाटलीवर तांबड्या रंगाची रेघ मारून दिली: लिटरभर पेट्रोलाला या रेघेपर्यंत तेल. आम्ही निघताना त्यांनी एका लांबट वहीत आमचे नाव, गाव आणि यंत्राचा क्रमांक लिहून घेतला. पुढे आठवड्याभराने ते स्वतःच स्कूटरवरून शेतावर आले. नवे यंत्र दहाबारा तास चालले की त्याचे स्क्रू सैल होतात, म्हणून पाना घेऊन आलो, म्हणाले. आम्ही बोलावले नव्हते. त्यांनी त्याचे पैसेही घेतले नाहीत, फक्त चहा घेतला आणि वहीत आणखी एक ओळ लिहिली.

यंत्र विकणाऱ्याने ते वापरायला शिकवावे ही रीत आपल्या भागाला नवी नाही. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि रामूअण्णा त्या इथे विकत. सायकलीची किंमत सातशेपासून हजार रुपयांपर्यंत असे, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे पडत, असे सांगतात. त्या पंधरा रुपयांचे आज कुणाला हसू येईल. पण त्या आकारणीत एक कबुली होती. गिऱ्हाइकाने सायकल घरी नेली म्हणजे व्यवहार पुरा झाला नाही; तो सायकलीवर बसून, न पडता कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आला म्हणजे पुरा झाला. किर्लोस्कर रोडवरून जाताना आम्हाला नेहमी ही पडणारी आणि पुन्हा उठणारी बेळगावकर मंडळी दिसतात. धोतराचा काचा मारलेली, टोपी सावरणारी.

लक्ष्मणराव पुढे मुंबईची नोकरी सोडून बेळगावला आले, आणि कडबा कापण्याची यंत्रे व मग लोखंडी नांगर करू लागले. लोखंडाने जमिनीत विष कालवते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांचा विचार आम्ही अनेकदा केला आहे. आजचा विक्रेता दोन महिन्यांत माल पडून राहिला तर सवलत जाहीर करतो. नांगराच्या बाबतीत सवलतीचा उपयोग नव्हता, कारण गिऱ्हाइकाची अडचण पैशाची नव्हती, शंकेची होती. शंका फेडायला शेतात जावे लागते, तास धरून दाखवावे लागते. नगरपालिकेने बेळगावातली जागा सोडायला लावली, आणि औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. हातचा कारखाना गेल्याची हळहळ आमच्या आजोबांच्या पिढीने आयुष्यभर केली, आणि तिकडून आलेले कडबायंत्र पडवीत आणून ठेवले.

आपल्यासारख्या वाचणाऱ्या मंडळींसाठी याच गोष्टीचे एक पुढचे प्रकरण आहे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावी म्हणून. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आले, १९३४ साली ‘मनोहर’. आपल्यापैकी किती जणांच्या माळ्यावर त्या अंकांचे गठ्ठे होते ते आठवून पाहावे. आपल्या आज्यांनी आणि आयांनी ज्या अंकांत नवे विचार वाचले, त्यांच्या मुळाशी नांगर घेतलेल्या शेतकऱ्याशी बोलणे चालू ठेवण्याची एका कारखान्याची गरज होती.

जुने ते सगळे सोने, असे म्हणण्याचा आमचा मनोदय मुळीच नाही. पडवीतल्या याच कडबायंत्राने आमच्या चुलत आजोबांच्या उजव्या तर्जनीचे पेर घेतले. त्याला पात्यापुढे कसलेही झाकण नव्हते, आणि त्या काळी कुणाला ते असावे असे वाटलेही नसावे. आजोबांनी पुढे गावातल्या सुताराकडून फळीचा आडोसा करून घेतला. तो अजून आहे. ही हकीकत आम्हाला लहानपणापासून पाठ होती. ती पाठ असूनही जे घडले ते आता सांगायचे आहे.

२०२२ च्या वैशाखात पहिल्या यंत्राचा दम संपला. काकांनी ते उघडून पाहिले आणि सिलिंडर झिजला असल्याचे सांगितले. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले होते; सुटा भाग शोधायला महिना दीड महिना लागेल आणि मिळेलच असे नाही. त्याच तोलाचे नवे यंत्र सत्तावीस हजारांना पडत होते. आम्ही म्हणालो, “विचार करून सांगतो.” काका बरे म्हणाले.

त्याच संध्याकाळी बसची वाट पाहताना हमरस्त्यालगतच्या एका नव्या दुकानात शिरलो. काचेची दारे, आत थंडगार हवा, आणि भिंतीला लागून गवत कापण्याची यंत्रे ओळीने उभी, केशरी, हिरवी, तांबडी. किंमत साडेअकरा हजार. आकार तोच, दांडा तोच, इंजिन तर काकांच्या यंत्राहून मोठे असल्याचे चिकटपट्टीवर लिहिलेले. एकच परदेशी यंत्र पाच निरनिराळ्या नावांच्या चिकटपट्ट्या लावून पाच दुकानांत विकले जाते हे आम्हाला नंतर कळले. काउंटरवरच्या तरुणाने आम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त शेवटी म्हणाला, “पक्कं बिल पाहिजे का सर? नको असलं तर अजून थोडं कमी करतो.” आम्ही आयुष्यभर मुलांना नागरिकशास्त्र शिकवले आहे. आम्ही कच्ची पावती घेतली. घरी येऊन पंधरा हजार वाचल्याचे सांगितले, तेव्हा आमच्या घरातून प्रश्न आला, “काकांना काय सांगितलंत?” त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

पुढचे सांगताना विस्तार करण्यात अर्थ नाही, कारण अशा गोष्टी सर्वांकडे सारख्याच घडतात. बाराव्या दिवशी स्टार्टरची दोरी तुटली. पुढे पात्याकडचा गिअर तापू लागला. भाद्रपदात पात्यावरचे प्लास्टिकचे गार्ड एका बुंध्याला लागून चिरले आणि आठवड्याभरात गळून पडले. दर खेपेला दुकानात नवा मुलगा असे, आणि दर खेपेला आम्ही पहिल्यापासून कथा सांगत असू. दोरी त्यांनी बदलून दिली. गिअरबद्दल म्हणाले, चालवून चालवून बसेल. गार्डबद्दल जे उत्तर मिळाले ते आम्ही विसरणार नाही: “वॉरंटी इंजिनाला आहे सर. गार्ड म्हणजे इंजिन नव्हे.” तर्कशास्त्राच्या दृष्टीने या विधानात दोष काढता येत नाही.

सुटे गार्ड विकत तरी द्या, म्हटले, तर ते नव्हते. मग सीमाप्रश्न निघाला. आपल्या भागात तो कुठून निघेल याचा नेम नसतो. दुकानदाराने माल कोल्हापूरकडून आणला होता. कोल्हापूरचा वितरक म्हणाला, तुमचे गाव कर्नाटकात, तुमचा भाग हुबळीच्या डेपोकडे. हुबळी म्हणाली, हा क्रमांक आमच्या राज्यात विकलाच गेलेला नाही. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हापासून आपण पुष्कळ दारांवर हे उत्तर ऐकले आहे. गवताच्या यंत्राबाबत ते ऐकायचे राहिले होते. कोगनोळीला विक्रीकराचा नाका होता तेव्हा माल इकडून तिकडे न्यायला कागद लागत. १ जुलै २०१७ पासून नवा कर आला आणि असे नाके गेले. माल आता सुखाने सीमा ओलांडतो. त्याच्यामागून त्याची जबाबदारी मात्र ओलांडत नाही, ती अजून नाक्यावर कागद दाखवीत उभी आहे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. दुकानदार आपला मराठी माणूस होता, आमच्याच बोलीत गोड बोलला आणि गोड बोलून वाटेला लावले. दूरध्वनीवर भेटलेली हुबळीची मुलगी कन्नड. आमचे कन्नड बाजारापुरते, तिला मराठी जेमतेम कळे. पण तिने तीन वेळा आपणहून फोन केला, डेपोत शोधले, दुसऱ्या मॉडेलचे गार्ड बसेल का ते विचारून घेतले, आणि अखेर ते बसत नाही असे सांगताना म्हणाली, “बेजार माडकोब्याड्री सर.” वाईट वाटून घेऊ नका. त्या सगळ्या प्रकरणात आमच्याशी माणसासारखे बोलणारी ती एकटी, आणि तिच्या हातात काहीच नव्हते.

मग आम्ही लिहिले. लेखणी हेच आपले शस्त्र अशी आपली समजूत असते. चार पानी तक्रार, भाषा प्रौढ, पुरावे क्रमवार. दुकानदाराने ती घडी करून गल्ल्याखाली ठेवली. यंत्रावर ज्या कंपनीची चिकटपट्टी होती तिच्याकडून इंग्रजीत दोन ओळींची पोच आली. तक्रार क्रमांकाखेरीज तिच्यात काही नव्हते. आमचा भाचा वकील आहे. त्याने सांगितले की २० जुलै २०२० पासून ग्राहक संरक्षणाचा नवा कायदा लागू झाला आहे. आता विक्रेता कुठलाही असो, ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही, आणि सदोष वस्तूने इजा झाली तर करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला जबाबदार धरण्याचे एक स्वतंत्र प्रकरणच त्या कायद्यात आहे. आम्ही उत्साहाने पावती पुढे केली. तिच्यावर दुकानाचे नाव नव्हते, यंत्राचा क्रमांक नव्हता, सही म्हणावी तर एक रेघ होती. भाच्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. “मामा, हे कुणी घेतलं?” त्याने विचारले. आम्ही नागरिकशास्त्राबद्दल काही बोललो नाही.

निपाणीच्या लोकांनी १९८१ साली शरद जोशींच्या मागे जाऊन तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर ठाण मांडले होते, आणि त्यासाठी गोळीबारही सोसला. आप्पा त्या वेळी तिथे होते. विकताना व्यापारी वजनात आणि भावात कसा मारतो हे या मातीला पक्के कळलेले आहे. घेताना मात्र आम्ही प्रत्येक जण एकेकटे काउंटरसमोर उभे राहतो, आणि शेजाऱ्यापेक्षा स्वस्त मिळाले याचा आनंद मानतो. गावात फिरून चौकशी केली असती तर त्याच दुकानातून घेतलेली आणखी सहा यंत्रे त्या वर्षी बंद पडली होती हे आम्हाला आधीच कळले असते. ते कळले तेव्हा उपयोग उरला नव्हता.

कारण गार्ड नसतानाही यंत्र चालत होते. हाच त्यातला घात. जे पूर्ण बंद पडते ते निदान धोका देत नाही. २०२३ चा पावसाळा आला, गवत वाढले, मजूर मिळेनात. आम्ही तोवर दुकानदाराशी भांडण्यात इतके गुंतलो होतो की यंत्र वापरू नका असे आप्पांना सांगण्याचे आम्हाला सुचले नाही. सुचले नाही असे लिहिले खरे. सुचले होते, पण मग गवत कोण काढणार हाही प्रश्न लगेच सुचला होता. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पात्याखाली खडा आला. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यावरून सुटलेला खडा गोफणीच्या खड्यासारखा येतो. तो आप्पांच्या डाव्या भुवईवर बसला. निपाणीच्या दवाखान्यात चार टाके पडले. गव्हाच्या दाण्याएवढा खाली लागला असता तर डोळा गेला असता, असे डॉक्टर म्हणाले.

आम्ही बेळगावहून धावत गेलो. खाटेवर बसलेल्या आप्पांसमोर आम्ही दुकानदाराला, वितरकाला, यंत्र करणाऱ्या परदेशाला यथास्थित शिव्या दिल्या. आप्पांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाले, “मालक, मशीन तुमचं हाय. डोळा माझा हाय.” आवाज चढलेला नव्हता. तीस वर्षांत ते आम्हाला याहून कडक असे काही बोललेले नाहीत, आणि यानंतरही बोलले नाहीत.

दवाखान्याचा खर्च आम्ही केला हे सांगण्याचीही लाज वाटते. तो करायचाच होता.

महिन्याभराने ते यंत्र रिक्षात घालून आम्ही काकांकडे गेलो. दुकानाला कुलूप होते. आदल्या दिवाळीत काकांनी ते बंद केले होते. मुलगा पुण्यात नोकरीला, हमरस्त्यावर नवी दुकाने, वर्षभरात त्यांच्याकडून तीन यंत्रे गेली होती. शेजाऱ्याने घर दाखवले. काका ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिले, रिक्षातले यंत्र पाहिले, आणि काही न विचारता वर्तमानपत्र जमिनीवर पसरून त्यावर ते यंत्र उघडायला घेतले.

त्या दुपारी आम्ही जे शिकलो ते कोणत्याही माहितीपुस्तकात नव्हते. काकांनी एकेक भाग काढून कागदावर मांडला. जिथे बेअरिंग हवे तिथे साधे बुश घातलेले होते. गिअरमध्ये ग्रीस नावाला होते. ते भरायचा स्क्रू आम्हाला कुणी दाखवलाच नव्हता. इंधनाची रबरी नळी फुगून मऊ पडली होती आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक झाला होता. “आता पेट्रोलात इथेनॉल असतं,” काका म्हणाले. “ते हवेतलं पाणी ओढतं. टाकीत तीन महिने राहिलं की हलक्या रबराची ही गत. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, हे सांगायला पैसे पडत नाहीत.” पेट्रोलातल्या इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेले. आपल्या भागात साखर कारखान्यांची काय वाण, तेव्हा आमच्याच बांधाआडच्या उसाने आमच्याच यंत्राची नळी फुगवली असणे अगदी शक्य आहे. यावर हसावे की काय, ते कळेना.

मग त्यांनी एक भाग उचलून उलटासुलटा केला. “याच्यावर नंबरच नाही, सर.” त्यांच्या दुकानातल्या प्रत्येक भागावर क्रमांक असे, आणि क्रमांक म्हणजे तो भाग पुन्हा मिळेल असे कंपनीने दिलेले वचन. ज्या भागाला क्रमांक नाही तो बिघडेल तेव्हा टाकायचा, आणि त्याच्याबरोबर यंत्रही टाकायचे, हे करतानाच ठरलेले असते. दुकानातल्या मुलाला रागावून उपयोग नाही, असे काका म्हणाले. “त्याला तरी कुणी शिकवलंय? त्याला विकायला ठेवलाय.” आमचा वर्षभराचा संताप ज्याच्यावर होता त्याची बाजू काकांनी घ्यावी, हे आम्हाला त्या वेळी आवडले नाही.

पत्र्याचे गार्ड बेळगावात उद्यमबागेत करून मिळेल म्हणून त्यांनी एका लेथवाल्याचा पत्ता दिला. तो लिहून द्यायला त्यांनी आतून जुनी लांबट वही आणली. पत्ता शोधताना पाने उलटत होती. त्यांत आमचे पान आले. २००६ पासूनच्या ओळी, तारखांसह: प्लग बदलला, पाते लावले, गिअरला ग्रीस, आप्पांना हातमोजे दिले. सर्वांत खाली २०२२ च्या मे महिन्यातली एक ओळ होती. आमच्या नावापुढे काकांनी लिहिले होते, ‘विचार करून सांगणार’. पुढची जागा कोरी होती.

आम्ही ते वाचले हे काकांनी पाहिले. त्यांनी पान उलटले, पत्ता उतरवून दिला आणि आत चहा सांगितला.

उद्यमबागेतल्या लेथवाल्याने पत्रा वाकवून, पन्हाळीला वेल्ड मारून, दोन दिवसांत भक्कम गार्ड करून दिले. ज्या भागासाठी तीन शहरांनी हात वर केले तो त्याने नकाशा न पाहता केला. बेळगावच्या फाउंड्र्यांतून आणि लेथवर देशभराच्या यंत्रांचे भाग होतात, आणि एक पत्र्याचा तुकडा आम्ही वर्षभर परक्या मुलखात शोधत होतो. नळी, पडदा, ग्रीस, सगळे काकांनी बसवून दिले. यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झाले. ते शेतावर नेले. आप्पांनी गार्ड बोटाने ठोकून पाहिले, चांगले झाले म्हणाले, आणि यंत्रावर पोते टाकले. त्यानंतर त्यांनी त्याला हात लावलेला नाही, आणि आम्ही लावा म्हटलेले नाही.

आता श्रावणात दोन म्हाताऱ्या आणि आप्पा विळ्यांनी बांध काढतात. मजुरी आम्ही दुप्पट केली आहे. दोन पावसाळ्यांत पहिल्या यंत्राचे पंधरा हजार त्यात गेले. कापलेले गवत आप्पांच्या दोन म्हशींसाठी कडबायंत्रातून निघते. चाक फिरवताना फळीचा आडोसा थरथरतो, पण हलत नाही. आप्पांच्या भुवईवर पांढरी रेघ आहे, उन्हात ती स्पष्ट दिसते.

गेल्या खेपेला निघताना त्यांनी विचारले, “मालक, पोत्याखालचं ते भंगारात घालू काय?” तोंडात आलेले तीन शब्द आम्ही कसेबसे गिळले आणि हो म्हणालो. भंगारवाला दिवाळीनंतर येतो. तोवर ते तिथेच आहे.